आ करा, ताईला इंग्रजी बोलायचंय

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मदतनीस असलेल्या ताईला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. ते जमलं इंग्रजीला. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमचं काम आवडतं का?" ताई म्हणाली, "येस." "का?" "व्हेरी गुड." आणि पुढे मूग गिळून गप्प! वाचन, लेखन, ऐकणं तिने कसंबसं रेटून नेलं. बोलण्यात मात्र नऊपैकी सहा हवे असताना दोनदा पाचच पडले.

तिसरी खेप शेवटची होती. आईमागे जिला ताईने वाढवलं ती धाकटी बहीण नऊ वर्षं परदेशात, तिकडच्या दातांच्या दवाखान्यात. तिथली एक जागा तिने ताईसाठी धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. नऊ वर्षं बहिणीला फोनवर पाहून ताईला वीट आला होता.

बोलायचा सराव हवा, पण ऐकणार कोण? शेजारीण दोन दिवसांत दार लावून घ्यायला लागली. मग एका सकाळी पेशंटच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरताना ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्चीतला माणूस पळू शकत नाही, आणि मध्ये बोलूही शकत नाही!

त्या दिवसापासून जो आ करी, तो ताईचं इंग्रजी ऐके. वाचनालयाचे फायदे, प्रदूषणाचे तोटे, एक अविस्मरणीय प्रवास. एकजण तर दात काढून झाल्यावर "मग प्रवासातली ती गाडी मिळाली का?" विचारत बसून राहिला. डॉक्टरीणबाई मास्कआडून म्हणाल्या, "ताई, भूल मी द्यायची की तू?" एक निवृत्त मास्तर दाढेसाठी चार वेळा आले. ओठ बधिर, पण चूक झाली की बोट वर! त्यांच्या दाढेआधी ताईचा भूतकाळ दुरुस्त झाला.

परीक्षेला ताई तिन्ही भाषणं घोटून गेली. परीक्षक बाईंनी कार्ड पुढे केलं: जिच्यासोबत आणखी वेळ घालवावा असं वाटतं, अशा व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला. पाठांतर सगळं पाण्यात!

मग तिला धाकटीचा पहिला दुधाचा दात आठवला. ताईने तो दोऱ्याने दाराच्या कडीला बांधला होता. दार ओढायच्या आधीच धाकटीने अशी किंकाळी फोडली, की शेजारचे सगळे धावत आले, आणि त्या गोंधळात दात कुठे उडाला तो आजवर सापडला नाही. ताई सांगत सुटली. भूतकाळात वर्तमानकाळ घुसला, त्याची पर्वा कुणाला? शेजाऱ्यांसकट सगळे जमिनीवर दात शोधताहेत इथवर ती आली आणि बाईंनी थांबवायला हात वर केला.

"डोन्ट मूव्ह!" ताई सवयीने कडाडली. "ऑल्मोस्ट फिनिश्ड!"

बाई खरंच हलल्या नाहीत. गोष्ट संपल्यावर मात्र त्यांना हसू आवरेना. पुढच्या प्रश्नांना ताईने अशी उत्तरं दिली, की बाईंनाच घड्याळ दाखवावं लागलं.

तेरा दिवसांनी निकाल आला. बोलण्यात साडेसहा! ताईने दवाखान्याच्या मागच्या खोलीत उपकरणांच्या ट्रेशेजारी टुणकन उडी मारली आणि धाकटीला फोन लावला.

"साडेसहा गं! आता तुझ्याकडे झोपायला गादीबिदी बघून ठेव."

पलीकडे धाकटी एकदम रडायलाच लागली.

"अगं, काय झालं?"

"ताई, तुझी खोली तयारच आहे. तू पहिल्यांदा परीक्षेला बसलीस ना, तेव्हाच मी दोन खोल्यांचं घर घेतलं. तुला दडपण येईल म्हणून बोलले नाही."

"दीड वर्ष? रिकामी खोली?"

"रोज झाडते मी."

"कार्टे! अक्कल नाही तुला! वेडी कुठली!" ताई ओरडली. डोळे पुसत ती बराच वेळ धाकटीला शिव्या घालत राहिली, आणि धाकटी पलीकडून हसत "अजून घाल, अजून घाल" म्हणत होती.