मोठ्या बाबांचं पोट
मी डॉक्टर झालो तो मोठ्या बाबांमुळे, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावामुळे. सॅनिटायझरचा वास आला की टाळेबंदीतला आमचा जानेफळचा ओटा आठवतो. पेशंटचं पोट तपासण्याची परीक्षा मोबाइलवर होती. मोठे बाबा बंडी काढून बाजेवर आडवे झाले आणि मी त्यांचं यकृत चाचपू लागलो. "हा तमाशा बंद कर, अ‍ॅपमधला पेशंट उघड," सर ओरडले. पडद्यावरची पोरं हसली. मोठे बाबा ताडकन उठले. "काऊन हो सर, माह्यं पोट खोटं हाये का?" माझ्या जुन्या मोबाइलवर ते अ‍ॅप उघडतच नव्हतं, म्हणून सरांनी मला नापास केलं. आजही आठवलं की डोकं तापतं. परवा मोठ्या बाबांना पत्र टाकलं: "आता मी पोरांना शिकवतो. आधी मोबाइल खिशात, मग पेशंटच्या पोटावर हात. तुमचं पोट खरंच होतं, मोठे बाबा. खोटी होती ती परीक्षा."