दिवेलागणीचं विरजण

"ताई, आत्या गेल्या," एवढंच वहिनी फोनवर म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला नवल वाटलं, कारण या दोघींचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं आणि भांडणाचं कारणही ठरलेलं... विरजण. धाराशिवहून मिळेल ती एसटी धरून मी गावी पोचले, तेव्हा आत्याला अंगणात आणलं होतं. माझी नजर मात्र दारामागच्या कोनाड्याकडे गेली. तिचं दह्याचं गाडगं तिथंच होतं, वर ताटली झाकलेली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. जीभ तिखट, हात सढळ. आमच्याकडे दिवे लागल्यावर दूध, दही, विरजण दाराबाहेर देत नाहीत, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. अख्खं गाव हे पाळतं. आत्या मात्र नेमकी त्याच वेळी दारात बसायची आणि येईल तिला विरजण द्यायची. वहिनी धुसफुसायच्या, "आत्या, दिवसा द्या की! तिन्हीसांजंला कशापायी?" आत्याला अशा वेळी हटकून कमी ऐकू यायचं. वाटीत दही घातलं की ती प्रत्येकीला विचारायची, "अजून काय पायजे? बोल की." आणि ती बाई गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत उभी राहायची. आम्ही पोरं तिची नक्कल करून हसायचो.

कारण मला फार उशिरा कळलं. टीव्हीवर कुठल्याशा देशातल्या यादवीची बातमी चालली होती. बाया, पोरं, म्हातारी माणसं गाठोडी घेऊन रस्त्यानं चालली होती, आणि कुणीतरी तज्ज्ञ त्या भागाच्या स्थैर्याबद्दल बोलत होता. आत्या म्हणाली, "ह्यांचे शेजारी कुठं हाईत गं?" आणि मग स्वतःहून बोलू लागली.

ती लहान होती. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. रझाकारांच्या धास्तीनं आमचं घर आणि जवळजवळ निम्मं गाव सरहद्द ओलांडून बार्शीकडच्या छावणीत गेलं. मागं राहिलेली म्हैस शेजारच्या जैनबखालानं सांभाळली. तिचा नवरा पिंजारी, गावच्या साऱ्या गाद्या त्याच्याच हातच्या. पोलीस ॲक्शन झाली, घरचे परतले, तेव्हा खालानं म्हशीबरोबर विरजणही आणून दिलं. "तुमचंच हाय माय, मोडू दिलं न्हाय." ज्या काळात त्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं, त्या काळात माझ्या आजीनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

पण तोवर भीती आमच्या घरातून उठून शेजारी राहायला गेली होती. आसपासच्या गावांतून सूड घेतल्याच्या बातम्या येत होत्या. एका तिन्हीसांजेला खाला वाटी घेऊन आमच्या दारात आली. आजी आत चुलीपाशी होती, दारात आत्या खेळत होती. घरात ऐकलेलं तिनं शहाण्यासारखं सांगून टाकलं, "दिवं लागलं खाला. आता देत न्हाईत. सकाळी या." खाला जरा घुटमळली. तिनं आत्याच्या गालावरून हात फिरवला, "बरं बेटा," म्हणाली आणि गेली. सकाळी तिच्या घराला कुलूप होतं.

"म्हस तर आमची आमाला दिली व्हती," आत्या म्हणाली. "तिच्या घरात दुभतंच न्हाय, तर विरजण कशाला लागतंय? रातच्याला ठिवून घ्या म्हणायला आली आसंल... आन् म्या दारातनंच लावून दिली."

खालापाठोपाठ आणखी काही घरं गेली. कुणी म्हणे हैदराबादला, कुणी आणखी कुठं. गाद्या भरायला कळंब गाठावं लागू लागलं. मोकळ्या पडलेल्या जागांवरून सख्खे भाऊबंद कोर्टात गेले. पूर्वी नुसती ओढून घेतलेली दारं आतून कडी लावून बंद होऊ लागली. शांतता झाली असं सगळे म्हणत, पण कोण कुणाच्या बाजूनं होतं हे कुणी विसरलं नाही. आत्यानं मात्र दार उघडं ठेवलं आणि शेजारच्या वाटेकडं बघत म्हातारी झाली. खाला येणार नाही हे तिलाही कळत होतंच. तरी कधी संध्याकाळी पावलं वाजली की ती मान उंच करायची. ती तशी बसलेली पुन्हा एकदा बघायला मिळावी, यासाठी मी काय वाटेल ते देईन.

तेरावं झालं. निघायच्या आदल्या दिवशी देवापुढं दिवा लावून वहिनी उठतात तोच दारात एक बाई आली. वीटभट्टीवर कामाला आलेलं कुटुंब, गल्लीत नवीनच. हातात रिकामी वाटी. तिन्हीसांज झालेली पाहून तीच ओशाळली. "येळ झाला का ताई? सकाळी येऊ का?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी कोनाड्यातलं गाडगं काढलं, तिच्या वाटीत दही घातलं. बाई वळली.

"थांब गं," वहिनी म्हणाल्या. "अजून काय पायजे? बोल की."

"न्हाय ताई, एवढंच."

ती गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत वहिनी दारात उभ्या होत्या.