राणीचं भाषण आणि दाराची कडी

मी मूळची भित्री. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा महिला रविवार असतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात आणि चहा पुरुष करतात. प्रत्येकीने बायबलमधल्या एका बाईवर बोलायचं असतं. चांगल्या चांगल्या बायका आधीच वाटल्या गेल्या होत्या. माझ्या वाट्याला उरली राजाने टाकलेली ती राणी. मेजवानीत राजाला चढली, पाहुण्यांना तिचं रूप दाखवावं म्हणून त्याने तिला मुकुट घालून बोलावलं. ती गेली नाही. तिचं राणीपण गेलं आणि पुढे तिचं काय झालं, ते कुणी लिहिलंच नाही.

आठवडाभर मी भाकऱ्या थापता थापता भाषण पाठ करत होते. सासूबाई शेंगा सोलत ऐकायच्या. मी अडले की पुढचा शब्द सांगायच्या, बाकी काही बोलायच्या नाहीत.

त्यातच शनिवारी दुपारी ह्यांनी जेवण ठेवलं. टॉवेलची मोठी ऑर्डर मिळाली होती. भवानी पेठेतल्या आमच्या घराला लागूनच माग आहेत. त्या दिवशी ते बंद होते, त्यामुळे बैठकीतला शब्दन् शब्द स्वयंपाकघरात ऐकू येत होता. मटण संपलं, बाटल्या तर आधीच संपल्या होत्या. मग हे माझ्या आवाजाचं कौतुक करू लागले. चर्चच्या गायकवृंदात गाते, म्हणाले, आणि दिसायलाही कमी नाही. कुणीतरी म्हणालं, बोलवा की मग, व्हिडिओ काढू.

हे दाराशी आले. लग्नातला शालू नेस, थोडी नटून ये आणि दोन गाणी म्हण, असं हसत हसतच सांगितलं. माझे हात पिठाचे होते, सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या.

"मी येणार नाही," मी म्हणाले.

ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. ह्यांना ते ऐकूच आलं नसावं, कारण बैठकीत जाऊन त्यांनी सांगितलं की लाजतेय, येईल. मग मोठ्याने हाक मारली. मी दाराला आतून कडी घातली आणि खरी भीती तिथून सुरू झाली. नुसतं नाही म्हणणं वेगळं, कडी घालणं वेगळं. ह्यांनी घराबाहेर काढलं तर जायचं कुठे? माहेर करमाळ्याला. तिथे आता भावाचा संसार आहे आणि माझ्यासाठी फार तर एक कप चहा आहे.

तेवढ्यात ह्यांचा एक मित्र म्हणाला, "आज हिनं नाही म्हटलं, तर उद्या आमच्या घरच्या बी हेच शिकतील की."

त्या गोष्टीतल्या राजाला त्याच्या शहाण्या सल्लागारांनी नेमकं हेच सांगितलं होतं. माझं भाषण पाठ होतं, त्यामुळे यानंतर काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. राणीला काढतात.

पावलं वाजली. दारावर थाप पडली, मग दुसरी, जोरात. कडी हलायला लागली. हे म्हणाले, उघड, चारचौघांत माझी लाज काढू नकोस.

सासूबाई उठल्या. मुलाच्या शब्दाबाहेर त्या कधी गेल्या नव्हत्या. आता ह्या कडी काढणार, म्हणून मी भिंतीला टेकले. त्यांनी पाट ओढला, दाराशी ठेवला आणि दाराला पाठ लावून बसल्या.

"तुज्या बापानं मला बी असंच बोलावलं हुतं," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मी गेले हुते. तू माजा पदर धरून रडत हुतास."

पावलं परत गेली. पाहुणेही हळूहळू उठले.

त्या दुपारनंतर हे माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेला जाताना रिक्षात सासूबाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या. मी भाषणाला उभी राहिले. राजाने राणीला बोलावलं, इथपर्यंत आले आणि मागच्या दारात चहाची किटली धरून उभे असलेले हे दिसले. माझ्याकडेच बघत होते. पुढचं काही सुचेना.

पहिल्या बाकावरून सासूबाईंनी मोठ्याने सांगितलं, "गेली न्हाय."