जाळीची भरीव सावली

एका देवघराच्या चोरीचे ते प्रकरण मी आजही तपशिलासकट सांगू शकते. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षे होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी खात्यात आले होते आणि कोल्हापुरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून नुकतीच रुजू झाले होते.

फर्निचरच्या एका व्यापाऱ्याने फिर्याद दिली. शोरूममधले सागवानी देवघर चोरीस गेले असून ते एका सुताराकडे आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुरावा म्हणून त्याने शोरूममध्ये मांडलेल्या देवघराचा रंगीत फोटो जोडला होता. देवघर खरोखरच सुताराकडे सापडले. पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्यात आला, सुताराला अटक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयात हजर करायचे होते.

सकाळी मी त्याला समोर बसवले.

“भनीच्या वास्तुशांतीला म्हणून सोता केलंय, म्याडम. शेठ दोनदा मागायला आलता. न्हाय म्हटलं.”

“साक्षीदार?”

“एकटाच काम करतो. कळंब्याच्या जेलात धाडा, त्येचं काय न्हाय. पर एकदा चोर म्हटलं की सुताराला घरात कोण घेतंय? आमचं काम लोकांच्या घरातच असतंय की.”

वरिष्ठ निरीक्षकांचे मत ठाम होते. “फोटो आहे, माल आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

मला काय पाहिजे ते मलाही सांगता येत नव्हते. मी फोटो भिंगाखाली धरला. उजेड डाव्या खिडकीतून येत होता, सावली उजव्या भिंतीवर पडली होती. देवघराच्या दारांना वेलबुट्टीची आरपार जाळी होती; भिंतीवरची सावली मात्र सलग काळी होती, कोऱ्या फळीची पडावी तशी. मी देवघर उचलून ठाण्याच्या अंगणात उन्हात ठेवायला लावले. भिंतीवर उजेडाचे शेकडो ठिपके उमटले.

“बुंदी सांडल्यागत दिसतंय,” हवालदार म्हणाले.

“मग फोटोतली बुंदी कुठे गेली?”

त्यांनी फोटो हातात घेतला. “म्याडम, हल्ली हे शेठ लोक गिऱ्हाइकाला दाखवायला कंप्युटरवर फर्निचरची चित्रं काढून घेतात. काढणारा पोरगा माझ्या माहितीतला हाय.”

तासाभरात तो चित्रकार समोर होता. आधी त्याने कानांवर हात ठेवले. मी त्याला अंगणात नेऊन दोन्ही सावल्या दाखवल्या. त्याचा चेहरा पडला, पण तो घाबरून नव्हे. स्वतःच्या कामातली चूक दिसल्यामुळे.

“एकेक भोक काढत बसलो असतो तर मशीन दोन दिवस अडकून पडलं असतं, मॅडम. म्हणून सपाट फळी काढली आणि जाळीचा फोटो तिच्यावर चिकटवला. दिसायला जाळी, पण सावली फळीचीच पडली.”

“जाळीचा फोटो दिला कोणी?”

“शेठनी. कडेला सुताराच्या पटाशा आन् रंधा दिसत होता, तेवढा कापून टाकला. मूळ फोटो हाय माझ्याकडं.”

त्या मूळ फोटोत सुताराचे बाक होते आणि त्यावर नुकतेच कोरून झालेले तेच दार. व्यापाऱ्याला बोलावले तेव्हा तो हसला. “सावलीवरनं केस चालवणार काय, बाईसाहेब?” मी मूळ फोटो टेबलावर ठेवला. त्यानंतर तो हसला नाही. पहिल्यांदा मागायला गेला तेव्हाच त्याने दाराचा फोटो काढला होता आणि त्यावरून केलेले चित्र दाखवून एका गिऱ्हाइकाला ते देवघर कबूल केले होते. सुतार देत नाही म्हणताच त्याने हा मार्ग काढला होता.

खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर कारवाई सुरू झाली. सुताराविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी दुपारी न्यायालयात सादर केला आणि त्याला सोडण्याचा आदेश मिळाला. माझ्या लेखी प्रकरण संपले होते. तो मात्र न्यायालयाच्या पायरीवरून हलेना.

“सुटलात की. जा आता घरी.”

“गल्लीसमोरनं जीपनं नेलासा, म्याडम. जीपनंच आणून सोडा. तुमी सोता उतरा.”

त्याच्या गल्लीत जीप थांबवून मी उतरले. बायका दारात आल्या, माणसे ओट्यावर उभी राहिली. यांचा चोरीशी काही संबंध नाही, हे मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्यानंतरच त्याने स्वतःच्या कारखान्याचे दार उघडले.

पुरावा कसा तपासावा, हे मला पदवीने शिकवले होते. आपण चारचौघांत हिरावून घेतलेले नाव चारचौघांतच परत द्यावे लागते, हे मला त्या सुताराने शिकवले. पुढे सेवेत असेपर्यंत मी निर्दोष सुटलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या दारापर्यंत सोडून आले.