स्नॉब शब्दाचा पहिला अर्थ

हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ऐकला. वर्गातल्या एका मुलीबद्दल दुसरी म्हणाली, ती एक नंबरची स्नॉब आहे. सगळ्या हसल्या, म्हणून मीही हसले. अर्थ माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटली. एसटीत बसल्यावर मोबाइलवर पाहिलं. स्वतःला वरचढ समजून इतरांना कमी लेखणारी व्यक्ती. आपण शिष्ट म्हणतो, तसंच काहीसं.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. रोज वडीगोद्रीहून जालन्याला अपडाऊन करते. गावाबाहेर हायवेला माझ्या वडिलांचं, अण्णांचं, चप्पल-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रे, एक लाकडी पेटी आणि उलटा बूट चढवायचा लोखंडी फर्मा. शेजारी पंक्चरवाले चाचा. माझा बारावीचा निम्मा अभ्यास चाचांच्या बाकड्यावर झाला आहे, कारण त्यांच्याकडे पंखा आहे.

तिसऱ्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी सगळ्यांना सेमिनार दिला. एक इंग्रजी शब्द निवडायचा, त्याचा इतिहास शोधायचा आणि वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं, तेही इंग्रजीत. मी हाच शब्द घेतला. कॅन्टीनमध्ये न समजता हसले होते, ते मला टोचत होतं.

लायब्ररीत एक जाडजूड डिक्शनरी आहे, काचेच्या कपाटातली, मागितली तरच मिळते. तिच्यात या शब्दाचे अर्थ जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं दिले होते. सगळ्यात जुना अर्थ होता, चपला-बूट शिवणारा माणूस, किंवा त्याच्या हाताखाली शिकणारा शिकाऊ.

मी ती ओळ पुन्हा वाचली. बोट ठेवून वाचली.

पुढची हकिकत अशी. विलायतेत अठराव्या शतकाच्या शेवटी बूट शिवणाऱ्याला हा शब्द होता. मग एका विद्यापीठातली पोरं गावातल्या न शिकलेल्या माणसांना सरसकट स्नॉब म्हणू लागली. मग कुठल्याही खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाला. त्यानंतर, खालचा असून वरच्यांची नक्कल करतो त्याला. आणि सगळ्यात शेवटी, जो दुसऱ्याला खालचा समजतो त्याला. म्हणजे ज्यांना बघून नाक मुरडायचे त्यांचं नाव फिरत फिरत नाक मुरडणाऱ्यांनाच लागलं. मला राग आला नाही. उलट परक्या गावात आपल्या घरचं माणूस दिसावं तसं वाटलं.

टिपणं मॅडमना दाखवली. मॅडम मनानं चांगल्या आहेत, आणि माझ्या घरचं त्यांना माहीत आहे. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, हा पहिला अर्थ सोडून दे, लॅटिनवाली गोष्ट सांग, सगळ्यांना आवडते. ती गोष्ट मी इंटरनेटवर वाचली होती. ज्या विद्यार्थ्यांचं घराणं मोठं नसे त्यांच्या नावापुढे म्हणे 'घराणं नाही' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द लिहीत, आणि त्यांचं आखूड रूप म्हणजे स्नॉब. मी घाबरत म्हणाले, मॅडम, त्याला पुरावा नाही असं डिक्शनरी म्हणते.

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी म्हणतेय. मुलं हसतील, आणि मग वर्षभर तेच चिकटेल तुला."

मला त्यांचं पटलंही होतं. शेवटच्या बाकावरची पोरं मला माहीत होती.

घरी जायच्या आधी मी दुकानावर उतरले. एक गिऱ्हाईक आलं होतं. बहुतेक लोक करतात तसंच त्यानं केलं, तुटलेली चप्पल पायातून काढली आणि पायानंच अण्णांकडे सरकवली. अण्णांनी ती हातानं उचलली, अंगठा शिवला, आणि जोडी हातानं खाली मांडली, टोकं रस्त्याकडे करून, म्हणजे पाय घातला की माणूस चालू लागतो. अण्णा प्रत्येकाची जोडी अशीच मांडतात. बघत कुणी नाही.

ते गिऱ्हाईक गेल्यावर मी शब्दाचं सगळं सांगितलं.

"म्हंजी पयले हे नाव आपलं व्हतं?"

"हो."

"अन् आता शिष्टाला म्हणतेत?"

"हो."

अण्णा हसले. चाचांकडे वळून म्हणाले, "बघा भाई, नाव घेऊन गेले, काम तेवढं आपल्याकडंच ठिवलं."

मग मी मॅडमचं म्हणणं सांगितलं. अण्णांनी दोऱ्याला मेण लावलं. चाचा ट्यूब पाण्यात दाबत म्हणाले, "हसने दे बेटा. हसनेवालों की चप्पल बी टूटती है."

"ते तुला खरं गावलंय ना?" अण्णांनी विचारलं. "हातात आलंय ना? मंग पायानं सरकवू नको, माय."

सेमिनारच्या दिवशी पहिली दोन-तीन वाक्यं मी कागदात बघूनच बोलले. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. पहिल्या अर्थापाशी आले तेव्हा कागद खाली ठेवला. इंग्रजीत सांगितलं की माझे वडील वडीगोद्रीला हायवेवर हेच काम करतात, आणि त्या काळात त्या देशात असते तर त्यांना हाच शब्द मिळाला असता.

मागून हसण्याचा आवाज आला. एकजण मराठीत म्हणाला, "म्हणजे तू पण स्नॉबच की."

"शिकाऊ आहे," मी म्हणाले. "टाका घालता येतो. सोल बसवणं अजून जमत नाही."

पुन्हा हसले, पण या वेळी पुढचे बाकही हसले, आणि मला ते हसणं लागलं नाही. एवढं मोठ्यानं मी वर्गात कधी बोलले नव्हते. उरलेले अर्थ मी कागद न बघता सांगितले. कॅन्टीनमध्ये तो शब्द वापरणारी मुलगी लिहून घेत होती. शेवटी मॅडमनीच विचारलं, ती लॅटिनची गोष्ट खरी का? मी म्हणाले, नाही, त्याला पुरावा नाही. मॅडम वर्गाला म्हणाल्या, हे लिहून घ्या.

संध्याकाळी अण्णा वाटच बघत होते. झालं का, एवढंच विचारलं. झालं म्हटल्यावर म्हणाले, "भाईला सांग. समदं, पयल्यापासून. तिथं जसं उभं राहून सांगितलं तसं."

एक गिऱ्हाईक बूट घेऊन उभं होतं. अण्णांनी त्याला हातानंच थांबवलं. मी हायवेकडे पाठ करून उभी राहिले आणि आपल्या मराठीत सुरू केलं. बूट शिवणाऱ्यापासून विद्यापीठातल्या पोरांपर्यंत आले तोच चाचांनी मधेच विचारलं, "पंक्चरवालों का बी कोई लफ़्ज़ है क्या उसमें?"

"आधी आमचं पुरं व्हऊ द्या भाई," अण्णा म्हणाले.