वरातीतली चूप जागा

आठवीतून शाळा सुटली आणि भामरागडहून आरमोरीला आलो, तेव्हा भाऊंनी, म्हणजे डीजेच्या मालकांनी, दुकानामागच्या खोलीत मला ठेवून घेतलं. आधी स्पीकरच्या पेट्या उचलल्या, मग त्यांनी कॉम्प्युटरवर बसवलं. उपकार विसरत नाही. पण त्या उन्हाळ्यात माझं डोकं पार उठलं होतं.

माझं पहिलं रिमिक्स होतं. ताल हळूहळू दाट करत नेला आणि सगळ्यात मोठा ठोका, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो पडायच्या आधी चार मात्रा अगदी चूप ठेवल्या. मोबाईलवर पाहिलं होतं, तिथे लोक हात वर करून थांबतात.

आमच्या वरातीत थांबत नाहीत. डीजे चूप झाला म्हणजे नाचणं संपलं, पुढे सरका. पहिल्याच लग्नात नवरदेवाचा मामा म्हणाला, "चला, समोर व्हा, मुहूर्त निघून राह्यला." जनरेटरवाला टाकीत वाकून पाहू लागला. ड्रॉप पडला तो सगळ्यांच्या पाठीवर.

"डिझेल संपलं का बे?" भाऊंनी विचारलं.

"नाई भाऊ, ते गाण्यातच आहे."

"काऊन आहे? लग्नात कोणी मेलं का, चूप राहाले?"

चारच्या दोन मात्रा केल्या. पुढच्या लग्नात मामा वेगळा, बोलणं तेच. या मामा लोकांना कोण शिकवून पाठवतं, कोण जाणे.

"आता वरात पळाली तर गाणे नागपूरहून आणतो," भाऊ म्हणाले. "तू पेट्या पाह्य."

पेट्या उचलायला कोणीही मिळतो. मग खोली मला कशाला देतील?

चूप जागा काढावी तर ड्रॉपला अर्थ नाही. वैतागून गाणं बंद केलं. तेव्हा आठवलं, आमच्या गावी रेला हा रांगेचा नाच नाचताना बायांची एक रांग ओळ गाऊन थांबते, मग दुसरी रांग ती उचलते. मधल्या जागेत गाणं नसतं, पण पाय चालूच असतात. म्हणून कोणी रांग सोडत नाही. मी चपला काढल्या, फरशीवर तसेच पाय टाकले, मोबाईलवर आवाज घेतला आणि चूप जागेत तेवढाच ठेवला.

नागभीडच्या लग्नात ती जागा आली. तिथल्या मामाने "चला" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. लोकांचे पाय जागच्या जागी हलत होते. जनरेटरवाला वाकलाच, त्याला इलाज नाही. ड्रॉप पडला तेव्हा सगळे तिथेच होते.

भाऊ जवळ आले. "मधात कोण चालून राह्यलं हे?"

"मी, भाऊ."

"मंग चप्पल घालून चाल ना बे. आवाज बारीक येते."

दुसऱ्या दिवशी चप्पल घालून पुन्हा पहिल्यापासून बसलो.