सत्तेचाळीस नग आणि मी

आमचे हे एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. यांच्या खुणेशिवाय तिथला खिळाही हलत नाही म्हणे. यादीतल्या नगापुढे बरोबरची खूण पडली की तो नग आला. मग प्रत्यक्षात आला नसला तरी बेहत्तर. बावीस वर्षांत एकही खूण चुकली नाही, असं हे स्वतःच सांगतात. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गोदामातले लोक पाठीमागे यांना 'खूणसाहेब' म्हणतात. ते कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. भोगणारे आपण एकटेच नाही, हे कळलं की बळ येतं.

घरातही तीच तऱ्हा. दूध आलं, खूण. मुलींचा अभ्यास झाला, खूण. एका वर्षी लग्नाच्या वाढदिवसापुढेही 'झाला' म्हणून खूण होती. कधी झाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

तर या गृहस्थांनी ठरवलं की तलावाकाठी तंबू ठोकून तीन दिवस राहायचं. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. सहा वर्षांत मला सलग तीन दिवस रजा मिळाली नव्हती. तिथल्या दोघींच्या पाळ्या अंगावर घेऊन ती मिळवली. सकाळी 'ताई, माझा नंबर कधी?' असं कोणी विचारणार नाही, एवढंच मला हवं होतं. पण ते फार हवं होतं.

आमची गाडी एवढीशी आणि यांची हौस दांडगी. म्हणून आठवडाभर आधी यांनी सोफा भिंतीला सरकवला आणि हॉलच्या फरशीवर खडूने गाडी काढली. अगदी टेपने मोजून. आत चार खुर्च्या मांडल्या. मग रोज संध्याकाळी तालीम. हे आत वाकून सामान रचणार, थोरली आणि धाकटी मागच्या खुर्च्यांवर निमूट बसणार आणि मी माळ्यावरून, पलंगाखालून एकेक वस्तू आणून यांच्या हातात देणार. "शेगडी!" "कंदील!" "घडीची खुर्ची!" ऑपरेशन चालू असताना डॉक्टरही इतक्या जोरात कात्री मागत नाहीत. शुक्रवारी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस नग खडूच्या आत बसले. बोट शिरायला जागा उरली नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मीही "वा!" म्हटलं. काय चुकलंय ते माझ्याही लक्षात आलं नाही, हे कबूल करते. देणाऱ्याला मोजायची सवय नसते.

शनिवारी सकाळी तेच सगळं रस्त्यावर झालं. समोरचे शिंपीकाका दुकान उघडायचं सोडून बघत उभे राहिले. शेवटचा नग तंबू. तो पुढच्या सीटवर बसला, चांगला ऐटीत, पट्टा लावून. यांनी शेवटची खूण केली आणि जाहीर केलं, "काही म्हणजे काही राहिलं नाही!"

मागून धाकटीने विचारलं, "बाबा, आई कुठे बसणार?"

यांनी यादी पाहिली. वरून खाली, मग खालून वर.

"अगं, तू तालमीत कधी बसलीच नव्हतीस."

"कशी बसणार? सामान कोण देत होतं?"

"मग असं कर," हे म्हणाले, "तू मागून बसने ये."

सोळा वर्षं ज्याच्या हातात हवी ती वस्तू हवी तेव्हा ठेवली, त्या माणसाच्या यादीत शेगडी होती, कंदील होता, मी नव्हते. मी पायरीवर जाऊन बसले.

थोरली म्हणाली, "आई नाही, तर मीही उतरते." शिंपीकाका मुद्दाम खाकरले. तेव्हा कुठे साहेब हलले. तंबू उचलून माझ्या शेजारी पायरीवर ठेवला, रुमालाने सीट पुसली. "बस. हा टपावर बांधतो," म्हणत दोरी आणायला आत गेले. दोरी आणली खरी, पण दोरी यादीत नव्हती! यांचा जीव कासावीस झाला. उभ्या उभ्या 'अठ्ठेचाळीस: दोरी' असं लिहिलं, दोरी सीटखाली कोंबली, खूण केली आणि घाईघाईने स्टिअरिंगवर जाऊन बसले. तंबूपुढे खूण आधीच होती. म्हणजे तंबू आला होता.

मी दाराला कुलूप लावलं. तंबू पायरीवरच. शिंपीकाकांनी तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका," मी हळूच म्हटलं, "एवढा दुकानात ठेवून घ्या."

आणि पुढच्या सीटवर येऊन पाय लांब केले. वाटेत ताकास तूर लागू दिली नाही.

दुपारी तलावाकाठी यांनी सगळं सामान उतरवलं. यादी हातात घेऊन नग मोजले. पुन्हा मोजले.

"अगं, तंबू कुठाय?"

"पायरीवर राहिला."

"तू पाहिलास? मग बोलली का नाहीस?"

मी घडीची खुर्ची उघडली आणि पाण्याकडे तोंड करून बसले.

"मला वाटलं, मागून बसने येईल."